विजापूरला आधी जामा मशीद

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

विजापुरात उतरलास की तू थेट गोल घुमटाकडे धावणार, हे मला ठाऊक आहे. त्याआधी सकाळच्या उन्हात जामा मशीद बघ. गोल घुमटाची सगळी रचना तिथे लहान आकारात उलगडून दिसते. शुक्रवारची दुपार मात्र टाळ, तिथे आजही नमाज होते.

पहिल्या अली आदिलशहाने १५६५च्या तालिकोटच्या लढाईनंतर ही मशीद बांधायला घेतली. पूर्वेचे मिनार अपुरेच राहिले. आत नमाजखान्यात लांबीला नऊ आणि खोलीला पाच असे पंचेचाळीस खण, म्हणजे चार खांबांमधल्या चौकोनी जागा, आहेत. त्यांतले मधले नऊ एकत्र करून मोठा चौक मोकळा सोडलाय. उरलेल्या छत्तीस खणांवर बुटके घुमट आहेत. बाहेरून मात्र छत सपाटच वाटतं.

चौकाची बाजू सुमारे ७० फूट, आणि वरचा घुमट सुमारे ५७ फुटांचा. मधले तेरा फूट गेले कुठे? खरी गंमत इथेच आहे. वहीत एक चौकोन काढ. प्रत्येक बाजूचे तीन भाग कर, म्हणजे कोपरे सोडून आठ बिंदू मिळतील. हे तिथले खांब समज. एका बिंदूपासून सुरुवात करून एकाआड एक बिंदू जोडत जा: एक तिरपा चौकोन होईल. राहिलेल्या चार बिंदूंचा दुसरा. दोन्ही चौकोन एकमेकांना छेदतात आणि मध्ये अष्टकोन उरतो. आता या रेषांच्या जागी उंच कमानी उभ्या आहेत असं मनात आण. त्या अष्टकोनावर घुमट बसलाय.

हे डोळ्यांनी पकडायचं तर घुमटाच्या बरोबर खाली उभा राहू नकोस. तिथून फक्त नक्षीदार तारा दिसतो. चौकाच्या एका कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून समोरच्या कोपऱ्याकडे बघ. कमानी एकमेकींत घुसत घुसत आत झुकत आलेल्या दिसतील. हा झुकाव शोभेसाठी नाही. जड घुमट बुडाशी बाहेर पसरू बघतो. चुन्यातलं बांधकाम दाब झेलतं, पण ताण त्याला सोसत नाही, म्हणून घुमटाला तडे जातात ते बहुधा बुडापासून वर, उभे. इथे आत झुकलेल्या कमानींचं वजन त्या रेट्याच्या उलट दिशेला ओढतं.

छताचे कोपरेही बघ. लहान घुमटांच्या सांध्यांतून पाणी मुरलं की गिलाव्यावर पांढरे क्षार फुटतात आणि पोपडे सुटतात. अशा जागी सिमेंट थापणं मला अजिबात पटत नाही: ओल आतच कोंडते आणि शेजारचा जुना चुना भुसभुशीत होतो. चुन्याची दुरुस्ती चुन्यानेच व्हायला हवी.

खाली फरशीवर नमाज पढणाऱ्यांसाठी आखलेले सव्वादोन हजार चौकोन आहेत. औरंगजेबाच्या काळातले सांगतात. मिहराबवरची, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यावरची, सोनेरी रंगाची सजावट १६३६ची. ती सुंदर आहे, पण तिच्यापुढे सगळा वेळ घालवू नकोस.

मग गोल घुमटाकडे जा. तिथे चौक सुमारे १३५ फूट आणि घुमट आतून सुमारे १२४ फूट, पण युक्ती हीच. कुजबुज ऐकू येणारा वरचा सज्जा याच झुकलेल्या कमानींच्या डोक्यावर आहे. तिथे पोचलास की टाळी वाजवण्याआधी कठड्यावरून खाली वाकून त्या कमानी शोध.

तुझा,
वसंत