अक्का, आधी सात नंबर मारून बघ

चि. अक्का हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अप्पा, माळ्यावरचा माझा गोल्फच्या काठ्यांचा सेट पाठवून देता की इथे नवा घेऊ?" होय-नाही म्हणून सोडून द्यावा असा हा प्रश्न नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलोय. तू पुन्हा खेळणार हे ऐकून मला किती बरं वाटलं ते आईला विचार. शिक्षण, नोकरी, लग्न, लेकरू यांत तुझं गोल्फ सुटलं. तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस, पण १८७६ पासून गोल्फ क्लब असलेल्या बेंगळुरात राहून तू काठी हातात धरत नाहीस, याची मला रुखरुख होती.

मला एकच गोष्ट सांगायची आहे, बाकीचं सगळं तिच्याच पोटात येतं. काठ्या निवडायच्या त्या तुझ्या आजच्या हातांसाठी. एकोणीस वर्षांची तू रोज संध्याकाळी शंभर-शंभर चेंडू मारायचीस. तेव्हाची पाठ, तेव्हाचं मनगट आणि तेव्हाचा सराव धरून आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या, घेतल्या, तर दोन महिन्यांत पिशवी परत कोपऱ्यात जाईल. दुकानात ब्लेड, म्हणजे पातळ, चकचकीत डोक्याच्या आयर्न, बघून तुझा जीव त्यांच्यावर जाणार हे मला ठाऊक आहे. आता त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. वर्षभर नेमाने खेळलीस की मग खुशाल बघ.

जुनी पिशवी मी काल खाली काढली. सात नंबर आयर्नचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, बघितली तर मधोमध, किंचित हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढा भाग घासून मळकट झालाय, बाकी क्रोम तसंच लखलखीत. तू चेंडू किती नेमका एकाच जागी घ्यायचीस त्याचा तो पुरावा आहे, आणि मला तो पुसावासा वाटला नाही. पण त्या जागच्या खाचा बोटाला जेमतेम लागतात. ग्रिप टणक झाल्यात, नख रुतत नाही. शाफ्ट जिथे डोक्यात जातो त्या काळ्या रिंगेच्या खाली गंजाचे ठिपके आहेत. आपल्या गावचा पाऊस आणि ओली पिशवी, दुसरं काय होणार? काट्यावर ठेवली तर एक काठी ४३० ग्रॅमच्या वर भरली.

मग व्ही-ब्लॉकमध्ये शाफ्ट धरून बेव्हल प्रोट्रॅक्टरने लॉफ्ट, म्हणजे फेस मागे किती झुकलाय तो कोन, मोजला. तुझ्या सात नंबरचा ३५ अंश आणि पिचिंग वेजचा, म्हणजे जवळच्या उंच फटक्याच्या काठीचा, ४९. हे आकडे लिहून ठेव, कारण दुकानात तुझी फसगत व्हायची ती नेमकी इथेच.

तू खेळ सोडलास त्यानंतर काठीवरचा नंबर तोच राहिला आणि लॉफ्ट बदलला. आज नव्याने किंवा परत खेळणाऱ्यांसाठी ज्या आयर्न निघतात, त्यांत सात नंबर सर्रास २८ ते ३० अंशांचा असतो. म्हणजे तुझ्या जुन्या पाच-सहा नंबरांच्या मधला. दुकानदार ती मारायला देईल, चेंडू तुझ्या आठवणीपेक्षा वीसेक यार्ड पुढे जाईल, आणि वाटेल की काय जादू आहे! त्यातली निम्मी जादू या पाच-सात अंशांची असते. सगळीच लबाडी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. नव्या डोक्यांत वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, त्यामुळे चेंडू आपसूक उंच उडतो. म्हणून लॉफ्ट कमी करूनही तो हवेत राहतो. ज्याचा स्विंग वेगवान आहे त्याला ते मानवतं. वेग कमी असला की चेंडू पुरेसा उंच चढत नाही, चपटा येऊन ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, पडतो आणि पलीकडे घरंगळत जातो. म्हणून कोणी "बघा मॅडम, किती लांब गेला" म्हणालं की तू विचार, "उतरला किती उभा?" दुकानातल्या फटका मोजायच्या मशीनवर तो कोनही दिसतो. ४५ अंशांच्या आसपास उतरत असेल तर चेंडू थांबेल. आयर्न ही चेंडू लांब फेकायला नसते, ठरल्या जागी उतरवायला असते.

याचाच दुसरा परिणाम पिशवीच्या तळाशी होतो. नव्या सेटची पिचिंग वेज ४२-४४ अंशांची असते आणि सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायची काठी, ५५-५६ची. मधे बारा-तेरा अंशांचं भगदाड राहतं. साधारण चार ते सहा अंशांना एक काठी धर, म्हणजे ४८-५० अंशांची एक वेज घ्यावीच लागेल. वरच्या बाजूला मात्र तीन आणि चार नंबर आयर्न घेऊच नकोस, जमल्यास पाचसुद्धा नको. त्यांच्या जागी हायब्रिड, म्हणजे जाड, गोलसर डोक्याच्या सोप्या काठ्या. तुझ्या वेळी चार नंबर आयर्न उडवणं ही शान होती. आता सहा नंबरपासूनच सेट विकत मिळतात, आणि परत येणाऱ्यासाठी ते शहाणपणाचं आहे. पिशवीत चौदा काठ्यांची मर्यादा अजून तशीच आहे, तेव्हा जागेची चिंता नको.

आता लोखंडाबद्दल, कारण इथे बेळगावात, उद्यमबागच्या फाउंड्रीत माझं आयुष्य गेलं आणि यावर मी अधिकाराने बोलू शकतो. दुकानात दोन शब्द ऐकशील, फोर्ज्ड आणि कास्ट, म्हणजे घडीव आणि ओतीव. घडीव म्हणजे भारी आणि ओतीव म्हणजे स्वस्त, असा समज करून देतात. घडीव आयर्न मऊ कार्बन स्टीलच्या असतात आणि वरून क्रोमचा मुलामा. ओतीव बहुतेक स्टेनलेसच्या. पण आपल्याकडे पंपाचे आणि गाड्यांचे भाग वाळूच्या साच्यात ओततात तसं हे ओतकाम नव्हे. आधी मेणाचा हुबेहूब नमुना करतात, त्यावर सिरॅमिकचे थर चढवतात, मेण वितळवून काढतात आणि मग धातू ओततात. माप फार नेमकं येतं, आणि घडवून कधी जमणार नाहीत असे पातळ-जाड आकार काढता येतात. हातात जो मऊपणा जाणवतो म्हणतात, त्यातला मोठा भाग आवाजाचा आणि डोक्याच्या आकाराचा असतो, धातूचा थोडा. ओतीव आहे म्हणून एखादी चांगली काठी नाकारलीस तर मला वाईट वाटेल.

उलट तुला जे हवं आहे ते ओतकामानेच शक्य झालं. कार्स्टन सोल्हाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. त्याने १९५९ मध्ये पिंग कंपनी काढली आणि आयर्नच्या पाठीतलं लोखंड काढून ते कडेला नेलं. १९८२ची त्यांची आय टू ही काठी तू कॅम्पातल्या मोठ्या माणसांच्या हातात पाहिली असशील. तत्त्व फ्लायव्हीलचंच आहे, वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं ते चटकन फिरत नाही. चेंडू टोकडे, म्हणजे डोक्याच्या पुढच्या टोकाला, किंवा हीलकडे लागला तरी डोकं हातात कमी वळतं, आणि फटका थोडा आखूड पडला तरी वाट सोडत नाही. त्याला कॅव्हिटी बॅक म्हणतात, हे तुला माहीतच आहे. १९९०पासून बायकांच्या युरोप-अमेरिका सामन्यांना याच सोल्हाइमचं नाव आहे. तू आता सुरुवातीला चेंडू दर वेळी रुपयाएवढ्या जागेत घेणार नाहीस. त्यासाठी ही क्षमा लोखंडातच ओतलेली असू दे.

शाफ्टवर मात्र काटकसर करू नकोस. डोक्यावर सगळ्यांचं लक्ष जातं, पण मनगट दुखवतो तो शाफ्ट. तुझ्या जुन्या शाफ्टचं वजन १२० ग्रॅमच्या पुढे असणार. आता हलके स्टील ८५ ते १०५ ग्रॅममध्ये मिळतात आणि ग्रॅफाइट ६० ते ८० मध्ये. दिवसभर कॉम्प्युटरवर बसून तुझं उजवं मनगट भरून येतं असं आई सांगत होती, मग माझं मत सरळ ग्रॅफाइटला. चेंडूऐवजी जमीन लागली तर हाताला जो झटका बसतो, तो त्यात बराच जिरतो. ग्रॅफाइट म्हाताऱ्यांचं, हे बोलणं कानाआड कर.

आणि बाईमाणूस बघितलं की दुकानदार 'लेडीज' लिहिलेला सेट पुढे करतो. तो साधारण एक इंच आखूड असतो आणि शाफ्ट सगळ्यांत लवचिक. तू आईच्या माहेरच्या वळणावर गेलीस, उंच आहेस. तुला तो बसेलच असं नाही, नाही बसणार असंही नाही. लेबल वाचू नकोस, मोजून घे. खेळायचे बूट घालून ताठ उभी राहा, हात मोकळे सोड, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत जावईबापूंना टेप धरायला सांग. उंची आणि हे माप, दोन्ही लिहून ने. त्यावरून लांबीचा अंदाज येतो, बाकीचं चेंडू मारल्यावर कळतं.

लाय अँगलची, म्हणजे शाफ्ट जमिनीशी किती उभा किंवा आडवा बसतो त्या कोनाची, परीक्षा तू स्वतःच करू शकतेस. चेंडूवर मार्करने जाड उभी ओळ काढ, ती ओळ काठीच्या बाजूला येईल असा चेंडू ठेव आणि मार. फेसवर शाई उमटते. ओळ उभी उमटली तर कोन बरोबर. ओळ वरच्या बाजूला टोच्या दिशेने झुकली तर काठी जास्त उभी आहे, चेंडू डावीकडे जाईल. हीलकडे झुकली तर जास्त आडवी, चेंडू उजवीकडे. एक-दोन अंशांचा फरक वाकवून काढतात. इथे धातू आडवा येतो. घडीव कार्बन स्टील मुकाट्याने वाकतं, पण १७-४ जातीचं स्टेनलेस फार हट्टी, जास्त ताण दिला तर होझलला, म्हणजे शाफ्ट बसतो त्या नळीला, तडा जाऊ शकतो. म्हणून पैसे देण्याआधी विचार, "ही वाकवता येते का, आणि किती?" जो नीट उत्तर देतो त्याच्याकडूनच घे.

सोलचंही, म्हणजे डोक्याच्या तळाचंही, बघ. तू शिकलीस ती जमीन आपली, लाल. उन्हाळ्यात विटेसारखी टणक आणि जूनपासून अशी मऊ की डिव्हॉटबरोबर, म्हणजे काठीने उडालेल्या ढेकळाबरोबर, चिखल तोंडावर उडायचा. रुंद सोल मऊ जमिनीत रुतत नाही, हातून चेंडूच्या आधी माती लागली तरी घसरत पुढे जाते. टणक जमिनीवर मात्र बाउन्स, म्हणजे सोलचा खालचा फुगवटा, जास्त असला तर ती उसळते आणि चेंडूच्या पोटात बसते. तू ज्या मैदानावर जास्त खेळणार तिथली जमीन पायाने चाचपून ये, मग मधल्या रुंदीची सोल बघ. सुट्टीत इथे आलीस की इथेही खेळायचं आहेच. आपल्या गोल्फ मैदानात २०२२च्या ऑगस्टमध्ये बिबट्या दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवल्या, शोधायला सक्रेबैलच्या हत्ती छावणीतून हत्ती आणले, हे तुला तेव्हा कळवलं होतं. आता लोक निर्धास्त फिरतात.

नवाकोरा सेटच पाहिजे असं काही नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल, कमी वापरलेलं, आयर्नमध्ये अगदी चालतं. फक्त खाचांच्या कडा बोटाने बघ, शाफ्ट डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघ, डोकं धरून हलकेच पिळून बघ, जोड सैल असेल तर कुरकुरतो. फोनवर फोटो बघून अनोळखी माणसाकडून घेऊ नकोस, नकली माल फार आहे आणि ओतकाम आतून पोकळ निघालं तर फोटोत दिसत नाही. ग्रिप नव्या बसवून घे, आणि मनगटासाठी किंचित जाड.

नियमही थोडे बदललेत. २०१९पासून चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा, शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं, आणि पुटिंग करताना झेंडा भोकात राहिला तरी चालतो. तुमच्या बेंगळुरचीच अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली ती काही लांब फटक्यांच्या जोरावर नाही. तिचा छोटा खेळ बघ, शिकण्यासारखा आहे.

जुना सेट मी विकणार नाही. त्यातली फक्त सात नंबर, नवी ग्रिप घालून, शनिवारच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवतो. आईचा कुंदाही त्यांच्याकडेच आहे, लेकराला आधी दे. नवी काठी बघायला जाशील तेव्हा ही बरोबर ने, दोन्हींनी दहा-दहा चेंडू मार आणि दोन्हींचे आकडे उतरवून घे: हवेतलं अंतर, उंची, उतरण्याचा कोन. रात्री नऊनंतर फोन कर, मी कागद-पेन घेऊन बसतो. तोपर्यंत कुठेही आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझे,
अप्पा