दुधाच्या हिशेबाला संपर्कयादी कशाला?

महोदय,

आमच्या सोसायटीतील दूधवाल्याने गेल्या महिन्यात हिशेबाची वही बंद करून अ‍ॅप सुरू केले. ते उघडताच त्याने माझी संपर्कयादी आणि ठावठिकाणा मागितला व नकार देताच पुढे सरकेना. अर्धा लिटर गाईच्या दुधासाठी माझ्या मामेभावाचा नंबर कशाला हवा, हे त्या बिचाऱ्यालाही सांगता आले नाही. त्याने अ‍ॅप तयारच विकत घेतलेले.

सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती संमती ग्राह्य, असे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ सांगतो. पण माहिती कमी घेतली तरी ती जाते कोणत्या वाटेने, हा प्रश्न उरतोच. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, तिच्यासाठी बांधलेल्या अ‍ॅपला कूटबद्ध नसलेली, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येईल अशी, जोडणी मुळातच नाकारली जाते. मात्र अ‍ॅप बनवणारा एका ओळीत ती पुन्हा खुली करू शकतो. शिवाय जोडणी कूटबद्ध असली, तरी आपण ज्या सर्व्हरकडे निघालो त्याच्या नावावरून त्याचा पत्ता विचारणारी साधी विचारणा (डीएनएस) उघडीच जाते, म्हणजे पाकीट बंद आणि पत्ता सर्वांसमोर. ही विचारणाही कूटबद्ध करणारा 'प्रायव्हेट डीएनएस' हा पर्याय त्याच आवृत्तीपासून सेटिंगमध्ये आहे, पण तिथे कोण डोकावतो?

अ‍ॅप स्टोअरने उघड्या जोडणीची सवलत घेणाऱ्या अ‍ॅपवर तसा ठळक शिक्का मारावा आणि परवानगी नाकारल्यावर अ‍ॅप अडवून ठेवणाऱ्यांना स्टोअरमधून काढावे. तोपर्यंत आम्ही चार बिऱ्हाडांनी वही परत मागितली आहे.

– एक वाचक, सातारा