30 जानेवारीच्या आधी

यंगस्टाउन, ओहायो
20 नोव्हेंबर 2025

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू भरल्या ताटावरून उठलीस आणि गाडी काढलीस. तुझ्यासाठी राखून ठेवलेला फराळाचा डबा टेबलावरच राहिला. बाबांनी सकाळी चारही चाकांत हवा भरून ठेवली होती, तेही सांगायचं राहिलं. वॉशिंग्टनपर्यंत पाच तासांचा रस्ता, मधे पेनसिल्व्हेनियातला घाट, आणि रात्री तुझा मेसेज आला तो एका शब्दाचा.

पैशांचं विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. फक्त एवढं सांग, सरकारचं कामकाज बंद होतं त्या 43 दिवसांचा थकलेला पगार सगळा जमा झाला ना? झाला असेल तर आधी क्रेडिट कार्ड फेड. उरलेल्याला हात लावू नकोस. परवाच्या कायद्यात तुमच्या सरकारी खात्याच्या खर्चाची सोय 30 जानेवारीपर्यंतचीच आहे.

शेजारच्या अंकलना तू म्हणालीस, "तुम्ही दिलेल्या मतानं मला फूड बँकेच्या रांगेत उभं केलं." मला ते दोनदा लागलं. एकदा त्यांच्यासाठी. आणि दुसऱ्यांदा, कारण तू रांगेत उभी राहिलीस हे मला तेव्हा कळलं, शेजाऱ्यांच्या देखत. ऑक्टोबरभर मी रोज विचारत होते, काय जेवलीस? आणि तू म्हणत होतीस, खिचडी.

त्यांचंही चुकलंच. सरकारी नोकरांना घरी बसून पगार मिळतो, आमची भट्टी विझली तेव्हा आम्हाला कुणी दिला, हे तुझ्या तोंडावर बोलायला नको होतं. पण ती भट्टी विझताना मी पाहिली आहे गं. 19 सप्टेंबर 1977, सोमवार. मला या देशात येऊन आठ महिने झाले होते. यंगस्टाउन शीट अँड ट्यूब या पोलाद कंपनीनं कॅम्पबेलचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे 5,000 माणसांची नोकरी गेली. अंकल त्यांतलेच. बाबा नोकरीला होते ते वर्कशॉप त्याच कारखान्यांच्या कामावर चालायचं, तेही पुढच्या मार्चमध्ये बंद पडलं.

लोक बसगाड्या भरून, सह्यांचे गठ्ठे घेऊन वॉशिंग्टनला गेले. इथल्या चर्चनी मिळून कारखाना विकत घेऊन गावानंच चालवायचा घाट घातला, त्यासाठी माणसांनी बँकेत खाती उघडून पैसे ठेवले. सरकारनं कर्जाला हमी द्यावी एवढंच मागणं होतं. 1979 मध्ये कार्टर सरकारनं ती नाकारली. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, क्रायस्लर या मोटार कंपनीला दीड अब्ज डॉलरची हमी मंजूर केली. अंकल अजून हे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून बोलतात. तरीही हा अख्खा परिसर वर्षानुवर्षं डेमोक्रॅटांनाच मत देत राहिला. आपली महोनिंग काउंटी 1972 नंतर पहिल्यांदा रिपब्लिकनांकडे गेली ती 2020 मध्ये. त्याआधी 2017 मध्ये ट्रम्प गावात येऊन सांगून गेले होते, नोकऱ्या परत येतील, घरं विकू नका. मार्च 2019 मध्ये लॉर्ड्सटाउनचा मोटारींचा कारखाना बंद झाला, अंकलचा मुलगा घरी बसला. आणि पुढच्या वर्षी अंकलनी मत त्यांनाच दिलं. मला ते आजही उलगडत नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "निदान इथं येऊन बोलला तरी."

1979 च्या हिवाळ्यात मी किराणा दुकानात गल्ल्यावर उभी असायचे. अंकलच्या घरच्या आंटी दुकान बंद व्हायच्या सुमाराला यायच्या आणि बाकीचे गल्ले रिकामे असले तरी माझ्याच रांगेत लागायच्या. फूड स्टॅम्पची, म्हणजे गरजूंना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीची, कुपनं तेव्हा कागदी असत, पुस्तकात शिवलेली, आणि ती आमच्यासमोरच फाडायची असा नियम होता. तो फाडण्याचा आवाज मोठा यायचा. आंटी आधी पर्स आडवी धरायच्या, मग एक एक कुपन हळू सोडवायच्या. पीठ, मार्गारीन, दुधाचा कॅन. साबण कुपनावर मिळत नाही, म्हणून साबणाची वडी वेगळी ठेवून चिल्लर मोजायच्या. मी मान वर करायचे नाही. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

त्याच आंटींनी त्याआधी बाबांसाठी बेकारी भत्त्याचा फॉर्म आणून दिला होता. बाबा सही करेनात. ग्रीन कार्डवर डाग लागेल, आणि आपण काही भीक मागायला आलो नाही, असं त्यांचं म्हणणं. आंटींनी बाबांना समोर बसवून समजावलं की ही भीक नाही, विमा आहे, तुमच्या मालकानं तुमच्या नावावर कर भरलेला आहे. 1933 साली या देशात दर चार कामगारांत एक बेकार होता, तेव्हा कुठे 1935 चा बेकारी विम्याचा तो कायदा झाला. बाबांनी सही केली, पण अकरा आठवडे वाया घालवून. ते अकरा आठवडे मी काय शिजवलं ते मलाच ठाऊक. लालबागला पत्रात मात्र लिहायचे, सगळं छान आहे.

तू अगदी बाबांवर गेली आहेस. सक्तीच्या बिनपगारी रजेवर असताना तुलाही तो अर्ज करता आला असता. पगार आल्यावर पैसे परत करायचे, एवढंच. केला नाहीस ना? खरं सांग. 30 जानेवारीला पुन्हा तेच झालं तर पहिल्या आठवड्यातच अर्ज कर, आणि त्याच्याही आधी मला फोन कर.

पुन्हा तेच सुरू झालं माझं. रागावू नकोस. तू चौथीत असताना आपण मेंटॉरला प्रेसिडेंट गारफिल्डचं घर बघायला गेलो होतो, आठवतं? सरकारी पद न मिळाल्याच्या रागात एका माणसानं त्यांना गोळी घातली आणि त्यातून 1883 चा कायदा आला, की सरकारी नोकरी वशिल्यानं नाही, परीक्षेनं द्यायची. परतीच्या वाटेत तू म्हणालीस, मग मी परीक्षा देईन. ते मी दादाला किती वेळा सांगितलं असेल. तुझं ओळखपत्र गळ्यात घातलेला फोटो अजून फ्रीजवर आहे.

एक गोष्ट अंकलनी तुला सांगितली नाही. त्यांच्या नातसुनेच्या फूड स्टॅम्पच्या कार्डावर नोव्हेंबरचे पैसे वेळेवर आले नाहीत. चार कोटींहून जास्त माणसं त्या कार्डावर जेवतात, त्यांतली एक आपल्या भिंतीपलीकडे. आंटी गेल्यापासून त्या घरात कुणी मागायला शिकवणारं उरलं नाही. मी त्या आठवड्यात दोनदा वरण-भात नेऊन दिला, अंकलनी दारातच घेतला. त्यांना तू माफ कर असं मी म्हणत नाही. तो तुमचा प्रश्न.

डबा उद्या पोस्टानं पाठवते आहे. चकल्या मोडतील, लाडू बहुधा टिकतील. तळाशी एक पाकीट आहे, ते परत पाठवू नकोस. बाबा विचारताहेत, बर्फाचे टायर कधी बसवणार? आणि घरात तांदूळ किती आहेत ते कळव. खिचडी म्हणू नकोस. किलोत सांग.

तुझी,
आई