आधी कागदावर काढा, मग ॲप करा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या आण्णांनी एका ॲपवर द्राक्षबागेची नोंदणी करायला घेतली, नाव गाव गट नंबर सगळं भरलं, ओटीपी आला, तो बघायला मेसेजमध्ये गेले आणि परत येऊन बघतात तर फॉर्म कोरा. तीन वेळा असंच झालं. चौथ्यांदा मी शेजारी बसलो तेव्हा दिसलं की 'पुढे'चं बटण कीबोर्डखाली दडलंय. आण्णा म्हणाले, "मलाच जमंना बघ." मला लई वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हतीच.

मी पुण्यात स्क्रीन डिझाईनचंच काम करतो. आमच्यात प्रोटोटाईप म्हणजे कच्चा नमुना आधी करतात, सगळ्यात स्वस्त म्हणजे कागदाचा. एकेक स्क्रीन पेन्सिलनं काढायचा, समोरचा बोट ठेवेल तसा पुढचा कागद आपण सरकवायचा, कॉम्प्युटर आपणच, आणि मधे अजिबात सांगायचं नाही, हेच अवघड. काहींना हा पोरखेळ वाटतो, पण १९९६ ला पाम कंपनीचा 'पायलट' हा खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर आला त्याच्या आधी तो बनवणारा जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करून बघायचा.

परवा रविवारी तोच फॉर्म मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर काढून घरच्यांपुढं ठेवला. आत्या 'क्षेत्र'पाशी अडल्या, "एकरात का गुंठ्यात?" फॉर्मला हवं होतं हेक्टरमध्ये, सातबाऱ्यावर असतं तसं, पण आपल्याकडं बोलताना हेक्टर कोण म्हणतंय? खोडरबर घेतला, एकर आणि गुंठे अशा दोन चौकटी काढल्या, पुढं चुलते बसले ते न अडखळता पार.

ओटीपीची आणि बटणाची चूक मात्र कागदावर सापडली नसती, त्याला पुढचा चालता नमुना खऱ्या मोबाईलवरच बघावा लागतो, तोही शेतकऱ्याच्या साध्या हँडसेटवर, ऑफिसातल्या भारी फोनवर नाही.

याला फार माणसंही लागत नाहीत. वेबसाईट-ॲप वापरायला सोपं कसं करावं याचे जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलंय की ५ जणांना वापरायला दिलं तरी साधारण ८५ टक्के अडचणी कळतात. म्हणून शेतीचं ॲप करून घेणाऱ्यांना कळकळीची विनंती, कोड लिहायच्या आधी हे कागद घेऊन तासगावच्या बेदाणा सौद्याला या, ५ शेतकरी मी गोळा करून देतो, आण्णा पण येतील.

– आपला एक वाचक, तासगाव, जि. सांगली