'नवा स्ट्रेन' म्हणजे नेमका कुठला तुकडा?

संपादक महोदय,

गोचिडींमुळे पसरणाऱ्या क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा रुग्ण कुठे सापडला की 'विषाणूने रूप बदलले', 'नवा स्ट्रेन आला' अशा मथळ्यांना ऊत येतो. या विषाणूत विविधता प्रचंड आहे, हे खरेच. पण ती काल-परवा घडलेली नाही, आणि तिचा धोका मथळे दाखवतात तिथे नाही. तो तपासणीच्या नळीत आहे: वेगळा विषाणू चाचणीतून निसटू शकतो.

या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, तीन तुकड्यांत असतो: लहान एस, मधला एम आणि मोठा एल. मिळून सुमारे 19,000 अक्षरे, म्हणजे आरएनएचे रासायनिक घटक. जगभरचे नमुने शेजारी ठेवले तर एसमध्ये 20, एलमध्ये 22 आणि एममध्ये तब्बल 31 टक्क्यांपर्यंत अक्षरे वेगळी निघतात. एम तुकडा आवरणावरची प्रथिने घडवतो; त्यातला म्युसिनसारखा (शरीरातल्या चिकट स्रावातल्या प्रथिनासारखा) भाग सर्वांत चंचल. तरी बदलाचा वेग संथच आहे. अंदाजे दर 10,000 अक्षरांमागे वर्षाला एक, म्हणजे सगळे तुकडे धरून वर्षाला दोनेक बदल. आठवड्यात 'रूप बदलणे' या हिशेबात बसत नाही.

एकाच गोचिडीत दोन वंशांचे विषाणू शिरले की तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते, आणि गोचीड विषाणू जन्मभर बाळगत असल्याने तशी संधी मिळत राहते. एस आणि एल बहुधा जोडीने राहतात. एम मात्र दुसऱ्याच्या घरी सहज नांदायला जातो. एस जेमतेम 1,600 अक्षरांचा. तेवढ्यावरून अख्ख्या विषाणूचा वंश ठरवला की अशी अदलाबदल हमखास नजरेतून सुटते.

वंशांची नावे खंडांवरून पडली असली, तरी हा विषाणू मुख्यतः पसरवणाऱ्या हायलोमा जातीच्या गोचिडीला सरहद्द ठाऊक नसते. तिची पिल्ले पक्ष्यांना चिकटून समुद्र ओलांडतात, मोठ्या गोचिडी गुराढोरांबरोबर फिरतात. 2010 मध्ये स्पेनमधल्या हरणांवरच्या गोचिडींत सापडलेला विषाणू आफ्रिकी वंशाचा होता. गुजरातेत 2011 मध्ये आढळलेल्याचा एस तुकडा ताजिकिस्तानातल्या नमुन्याशी जुळला.

आता नळीकडे. पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढते. त्या प्रतींची सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, जुन्या, मोजक्या अक्षरक्रमांवर बेतलेले असतात. प्रायमरच्या 3' टोकाशी, म्हणजे जिथून प्रत पुढे वाढते तिथे, एखाद-दुसरे अक्षर जुळले नाही तरी साखळी अडखळू शकते किंवा थांबू शकते. प्रती झाल्याचा संकेत देणारा तुकडा म्हणजे प्रोब; तो जिथे चिकटतो तिथे फरक पडला तर प्रती वाढतात, पण संकेत उमटत नाही. दोन्ही वेळा अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो. ग्रीसमध्ये 1975 साली गोचिडीतून मिळालेला एपी-92 हा नमुना इतका वेगळा आहे की कित्येक चाचण्या त्याला पकडतच नाहीत. आता तर त्याला आयगाई हे वेगळे नाव मिळाले आहे. प्रायमरमध्ये मिश्र अक्षरे (एकाच जागी अनेक पर्याय) घातली की पल्ला वाढतो, पण फार घातली तर संवेदनशीलता घटते. त्यापेक्षा एसच्या दोन निराळ्या जागांवर प्रायमरचे दोन संच लावावेत आणि ते वर्षातून एकदा तरी नव्या क्रमांशी ताडून पाहावेत. लक्षणे जुळत असताना पीसीआर कोरी आली, तर ताप येऊन पाचेक दिवस झाल्यावर आयजीएम एलायझा, म्हणजे शरीराने संसर्गाविरुद्ध बनवलेली सुरुवातीची प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी, करावीच.

संपूर्ण क्रम वाचतानाही घोटाळा होतोच. बरेच जण नायजेरियातल्या जुन्या आयबीएआर-10200 नमुन्याचा क्रम संदर्भ म्हणून घेतात आणि यंत्राने वाचलेले छोटे तुकडे, म्हणजे वाचने, त्यावर बसवतात. दूरच्या वंशाची एमची वाचने त्यावर बसत नाहीत, तिथे खिंडार पडते, आणि ते बुजवताना संदर्भाचीच अक्षरे अहवालात शिरतात. मग होते नसलेल्या 'संकराची', म्हणजे दोन वंशांच्या तुकड्यांच्या मिश्रणाची, घोषणा! दोन नमुने एकमेकांत मिसळले तरी तसाच भास होतो. वाचने आधी संदर्भाशिवाय जोडावीत, एस, एम, एल यांचे वंशवृक्ष वेगवेगळे काढावेत, आणि संकर दिसलाच तर मूळ नमुन्यातून आरएनए नव्याने काढून खात्री करावी.

तेव्हा यापुढे 'नवा स्ट्रेन' छापण्याआधी बातमीदाराने प्रयोगशाळेला एवढे विचारावे: कुठला तुकडा वाचला, किती अक्षरे वाचली, आणि कशाशी ताडून पाहिली?

– विषाणू-निदान क्षेत्रातील काही वाचक