बाबांची येझदी आणि आईचा साडी गार्ड

रामबाग, इंदूर

ती. आई-बाबांना सा. न.

दादाने फोनवर सांगितलंच असेल की घर आवरताना परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबांची जुनी मोटारसायकल, येझदी, निघाली. ती कुठे गेली नव्हतीच. आपणच तिच्यावर जुन्या गाद्या आणि गणपतीच्या मखराच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. दादा म्हणतो, गिऱ्हाईक आहे, देऊन टाकू. मला ती द्यायची नाही. का, ते नीट सांगता यावं म्हणून पत्र लिहिते आहे. फोनवर बाबा "बघा बुवा तुमचं तुम्ही" म्हणून मोकळे होतात.

आधी तिची तब्येत सांगते. टाकीतलं पेट्रोल कधीच उडून गेलेलं, तळाशी तपकिरी चिकटा आणि गंज. टायर बसलेले, त्यांच्या गुट्ट्यांना भेगा. पण बंद पडलेल्या गाडीला घाईने किक मारायची नाही, हे बाबांनी लहानपणीच डोक्यात बसवलं होतं. मालवा मिलकडच्या एका वयस्क मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी प्लग काढला, सिलिंडरमध्ये थोडं तेल-डिझेल सोडलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू मागे-पुढे केलं. चाक अडलं, पुन्हा अडलं, मग सुटलं. "जाम नहीं है दीदी," म्हणाले, आणि मला रडू आलं ते त्यांनी न बघितल्यासारखं केलं.

पुढचं काम ते करत गेले, मी शेजारी पाना घेऊन बसत गेले. कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई चिकटली होती, ठिणगी पाडणारे पॉइंट काळे पडले होते. क्रँकची ऑइल सीलं वाळून दगड झाली होती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं, त्यामुळे ती जागा हवाबंद लागते. सील गेलं की गिअरचं तेल आत येतं आणि गाडी पांढरा धूर ओकते. बाबांना हे सांगायची गरज नाही, पण आईला कळावं की तिचे वाळत घातलेले कपडे दर वेळी काळे का व्हायचे. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, त्यातलं थोडं न जळता बाहेर पडणार, आणि सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या तर काजळीने पार बुजल्या होत्या. त्या भट्टीत लाल करून झाडल्या. तेलाचं माप शोधावं लागलं नाही. शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात ऑइलपेंटने लिहिलेलं अजून स्वच्छ वाचता येतं : १ लिटर, ४० मिली.

किकचा दांडा आत दाबून वर फिरवायचा आणि गाडी सुरू झाली की तोच गिअर, हे मिस्त्रींच्या पोराला माहीत नव्हतं. मी करून दाखवलं. दोन्ही पाइपांतून धूर निघाला, आणि शेजारच्या काकू गॅलरीत येऊन विचारायला लागल्या, "आले का गं बाबा पुण्याहून?"

आता खरा मुद्दा. ते गिऱ्हाईक म्हणजे जुन्या गाड्या नव्या करून विकणारा एक जण आहे. तो येऊन बघून गेला. म्हणाला, येझदीचं रोडकिंग मॉडेल आहे, इंजिन मूळचं आहे, पण बाकीचं "बिगाडा हुआ है". पुढचा मडगार्ड बदलायचा, हँडल बदलायचं, क्रोम करायचं, की शोरूम पीस. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. मी मात्र तो गेल्यावर तिच्यापाशी खाली बसले आणि तो ज्याला बिघाड म्हणत होता ते एकेक करून बघितलं.

मडगार्ड चाकापासून वीतभर वर का, ते त्याच्या आतल्या बाजूला हात फिरवल्यावर समजलं. बोल्टांच्या कडेला माळव्याची काळी माती सुकून बसली आहे. पावसात ही माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरत जाते आणि शेवटी चाकच धरून ठेवते. तुम्ही महूच्या पुढे पाताळपाणी, जानापावच्या वाटांवर जायचात, तिथे दुसरा इलाज नव्हता. चिखलात पळवायला म्हणून बनवलेली गाडी तेव्हा आपल्यासारख्यांना कुठे मिळणार होती? म्हैसूरच्या कारखान्यातून २५० सीसीची रोडकिंग घ्यायची आणि जे नको ते उतरवायचं. रुंद हँडल, वर घेतलेला मडगार्ड, गुट्ट्यांचे टायर. मागचे फूटरेस्टसुद्धा तुम्ही कापून टाकले होते.

आणि तेच परत जोडलेत. वेल्डिंगची जाड शिवण दोन्ही बाजूंना बोटाला लागते. त्याच्या वर साडी गार्ड. एवढा उंच मडगार्ड आणि त्या गाडीला साडी गार्ड! मी इतकी वर्षं समजत होते की लग्न झालं, आम्ही झालो, आणि बाबांनी ती वाट सोडली. पण साडी गार्डच्या मागच्या बाजूला, जिथे फडकं पोचत नाही, तिथेही तीच काळी माती थरांनी बसली आहे. रामबागेपासून राजवाड्यापर्यंत जाऊन एवढी माती चढत नाही. आई, तू कधी बोलली नाहीस. तू कुठपर्यंत गेली होतीस? जानापावला, जिथून चंबळ निघते तिथपर्यंत? पावसात? मला सगळं ऐकायचं आहे, आणि ते बाबांकडून नाही, तुझ्याकडून.

म्हणून ती नवी करायची नाही. जे बदलायलाच हवं ते बदलू. टायर, सीलं, केबली, वायरिंग. मडगार्ड, फूटरेस्ट, साडी गार्ड आणि टाकीवरचा पोचा जसेच्या तसे राहतील. दादा म्हणाला, मग व्हिंटेजमध्ये नोंदव, मान तरी मिळेल. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी ५० वर्षांच्या वरची लागते आणि मूळ रूपात लागते. आपली १९८२ ची, म्हणजे २०३२ पर्यंत थांबा, आणि मूळ रूपात आणायची तर हेच सगळं काढून फेका. नको तो मान. साधं नोंदणीचं नूतनीकरण, विमा, पीयूसी करून ती रस्त्यावर येऊ दे. तोवर मी ती अंगणातच सुरू करते, बाहेर नेत नाही, काळजी नको.

सुट्या भागांची चिंता आहे खरी. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. २०२२ मध्ये येझदी नाव परत आलं, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, आपल्या कामाचं त्यात काही नाही. जुन्या गाडीवाल्यांनी एकमेकांना धरूनच राहावं लागतं. जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो, त्या दिवशी ठिकठिकाणी ही मंडळी गाड्या घेऊन जमतात. तोपर्यंत तुम्ही दोघं इथे या. बाबांचा गुडघा किक मारू देणार नाही, ती मी मारीन. ठिणगीचं टायमिंग मात्र बाबांनीच लावायचं. मिस्त्री चांगले आहेत, पण चढावर गाडी अजून जराशी दम खाते, आणि ते कशामुळे हे तुम्ही आवाजावरून सांगाल.

येताना आरसी बुक आणा, इथे कपाटात नाही. बहुतेक आईच्या त्या निळ्या फायलीत एलआयसीच्या कागदांबरोबर असेल. आणि मॅग्नेटो ओढायचा पुलर कुठे ठेवला आहे ते उलट टपाली नाही, आजच फोन करून सांगा. त्याच्यावाचून काम अडलं आहे.

तुमची,
लेक