‘सर्वानुमते मंजूर’ म्हणजे किती हात?

ग्रामसभेच्या इतिवृत्तातले ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य सांगली जिल्ह्यातल्या गावागावांत वाचायला मिळते. या चार-पाच शब्दांत गायरानाची जागा जाते, कामाची जागा बदलते. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. खरी गोम इथेच आहे! मोजक्या माणसांचा निर्णय कागदावर साऱ्या गावाचा होतो. पुढे दाद मागायला गेल्यास अधिकारी कागदच वाचतो, सभेला कोण होते ते विचारत नाही.

म्हणून ठराव मोघम नको. विषय, गट क्रमांक, क्षेत्र, रक्कम, सूचक-अनुमोदकांची नावे, बाजूने व विरोधात किती हात, हे सारे त्यात हवे. विरोध असेल तर तो कारणासह नोंदवायला सांगा. इतिवृत्त सभेतच वाचून घ्या, मगच उठा. कोऱ्या हजेरीपटावर आधी सही तर मुळीच नको; तीच सही पुढे संमती म्हणून दाखवली जाते. महिलांची सभा आधी घेणे बंधनकारक आहे. तिचे ठरावही मुख्य सभेत मोठ्याने वाचले गेले पाहिजेत.

– एक ग्रामस्थ, तासगाव